पहिलं कार किट घेताना: खोक्यावरचं नाव आणि आतला डाय

माझ्या पहिल्या किटचं (सुटे प्लॅस्टिक पार्ट जोडून छोटी गाडी करायची असते ते) खोकं बघून मी हरखून गेलो होतो. नाव जगप्रसिद्ध, चित्रात लालभडक अमेरिकन गाडी. उघडलं तर जवळपास प्रत्येक पार्टच्या कडेला पापुद्रा, दारांच्या रेषा पुसट, आणि बॉडी चॅसीवर बसवायला गेलं की पुढून बसायची तर मागून उचलायची. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायचं काम करतो. असा माल आमच्या टेबलावर आला असता तर सरळ रिजेक्टच्या ढिगात गेला असता. राग उतरल्यावर लक्षात आलं की चूक माझी होती. तो डाय, म्हणजे ज्यात पार्ट घडतात तो साचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा होता, आणि ते पैसे भरायच्या आधी पाच मिनिटांत कळलं असतं.

त्यामुळं कुणी विचारलं, ‘कुठला ब्रँड चांगला?’ की मी उलट विचारतो, ‘डाय कुठल्या सालचा?’ खाली लिहिलंय ते याच प्रश्नाच्या मागं लागून शिकलेलं आहे. प्लॅस्टिकच्या कार किटपुरतंच. विमानं आणि रणगाडे यांचं गणित वेगळं असतं.

१. आधी गाडी ठरवा, आणि बोनेट उघडायचं का तेही

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची जुनी मेबॅक येते तेव्हा गर्दीचे दोन भाग पडतात. काहींना गाडीची ठेवण आणि रंगाची झळाळी बघायची असते. काहींना, म्हणजे आमच्यासारख्या उद्यमनगरवाल्यांना, बोनेटखाली काय आहे याचा किडा असतो. तुम्ही कुठल्या गर्दीतले ते आधी ठरवा, कारण किटांचेही असेच दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकाराला कर्बसाइड म्हणतात. बोनेट बंद, इंजिन नाही, खालून बघितलं तर इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा फक्त तळ दिसतो. पार्ट कमी आणि लक्ष सगळं बॉडीवर. दुसऱ्या प्रकारात इंजिन वेगळं जोडायचं असतं. जपानी किटांत कर्बसाइड खूप. अमेरिकन किटांत इंजिन जवळपास ठरलेलंच. नवख्यानं पहिलं किट कर्बसाइडच घ्यावं असं माझं मत आहे. इंजिनवाल्या किटात हौस इंजिनावर संपते आणि बॉडी घाईत रंगवली जाते.

२. स्केल: १/२४ की १/२५

१/२४ म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं. चार मीटरची गाडी १/२४ मध्ये साधारण १६.७ सेंटीमीटर भरते आणि १/२५ मध्ये १६. शोकेसमध्ये फरक जाणवत नाही, पण एकाची चाकं दुसऱ्याला लावायला गेलात की जाणवतो. जपानी आणि युरोपीय कंपन्या १/२४ मध्ये काम करतात, अमेरिकन जुनी परंपरा १/२५ ची. १/३२ लहान आणि सोपं, १/१२ मोठं आणि महाग. टामियाच्या फॉर्म्युला वनच्या गाड्या १/२० मध्ये असतात. एकच स्केल धरून राहा, एवढंच.

३. ब्रँडची ओळख

जपानमधलं शिझुओका हे या धंद्याचं उद्यमनगर समजा. टामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या चारही कंपन्या त्याच भागातल्या. यांतल्या बऱ्याच लाकूडकामातून आल्या. टामिया १९४६ साली लाकडाच्या धंद्यात सुरू झाली. हासेगावा १९४१ ची, तीही सुरुवातीला लाकडी मॉडेलं करायची. आओशिमा तर १९२४ ची. आपल्याकडं पॅटर्न मेकर (ओतकामासाठी लाकडी नमुना करणारे) सुतारकामातून तयार झाले, तसंच तिकडं झालं असावं असं मला वाटतं. लाकडाचा पॅटर्न करणाऱ्याला आकुंचन आणि उतार हातानं कळतो.

टामिया: जोडणीत हिच्यासारखी दुसरी नाही. पार्ट टक्कन बसतो, न बसला तर समजा तुम्हीच उलटा धरलाय. सूचनापत्रक एवढं स्वच्छ की भाषा कळायची गरज पडत नाही. नव्या किटांत रंगवताना काचा झाकायचे (मास्क करायचे) स्टिकर आणि आरसे-लोगोसाठी धातूचे ट्रान्सफर येतात. नुसत्या बॉडीवर समाधान असेल तर टोयोटा ८६ किंवा १९६६ ची बीटल घ्या. इंजिन हवंच असेल तर लेक्सस एलएफए किंवा लाफेरारी. पण टामियाचीही जुनी किटं बाजारात आहेत आणि जुनी ती जुनीच.

हासेगावा: रेषा अगदी बारीक, जुन्या गाड्यांचा आकार अचूक. लॅम्बोर्गिनी मिउरा, टोयोटा २०००जीटी, लान्चिया स्ट्रॅटोस, बीएमडब्ल्यू २००२ अशी यादी आहे. बहुतेक कर्बसाइड. आपल्या लोकांना आवडेल अशी एक सांगतो: सुझुकी जिमनी जेए११. आपली जिप्सी याच पिढीतल्या लांब चॅसीची, म्हणजे ही तिची आखूड भावंड. जिप्सीच्या आठवणी असलेल्या माणसानं बघितलं की खिशात हात जातोच.

आओशिमा: हिच्याबद्दल एका वाक्यात बोलता येत नाही. एका टोकाला काउंटाश किंवा पगानी वायरासारखी इंजिनासकट भरगच्च किटं, दुसऱ्या टोकाला फार जुन्या डायमधून अजून निघणाऱ्या जपानी सलून गाड्या. खोक्याचा थाट मात्र दोन्हीकडं सारखा. १/३२ ची स्नॅप किट मालिका वेगळी: रंगीत प्लॅस्टिक, गोंद नको, रंग नको. माझ्या भाच्यानं जिमनी एका दुपारी जोडली आणि मला म्हणाला, ‘मामा, तुला एवढे महिने का लागतात?’

फुजिमी: गाड्यांची निवड अफाट, दर्जा वरखाली. हिची एन्थुझिअस्ट मालिका, त्यातली पोर्श ९११, बारकाव्यासाठी नावाजलेली आणि संयम बघणारी आहे. पहिल्या वर्षी हात लावू नका.

रेव्हेल: ही १९४३ सालची अमेरिकन कंपनी, जर्मनीत शाखा १९५६ मध्ये निघाली. १९८६ मध्ये मोनोग्राम ही दुसरी अमेरिकन कंपनी तिच्यात मिसळली. म्हणून आज रेव्हेलच्या खोक्यात १/२४ ची अमेरिकन गाडी दिसली तर ती मूळची मोनोग्रामच्या डायमधली असण्याची शक्यता मोठी. खोक्यावर १ ते ५ अशी अवघडपणाची पातळी छापलेली असते, पण ती पार्टांची संख्या आणि कामाची अवघडता सांगते. डाय चांगला की वाईट ते सांगत नाही. पातळी ३ चं खराब बसणारं किट पातळी ५ पेक्षा जास्त रडवतं.

एएमटी आणि एमपीसी: दोन्ही नावं आज राउंड टू या एकाच कंपनीकडं आहेत. एएमटी १९४८ मध्ये मोटार डीलरांच्या जाहिरातीसाठी छोट्या गाड्या करायची, आणि १९५८ पासून एकाच खोक्यात तीन प्रकारे जोडता येणारी किटं काढू लागली. जुनी अमेरिकन गाडी हवी असेल तर हिच्याशिवाय पर्याय थोडे. खोकी देखणी, जुनी जाहिरातकला जपलेली, आणि जादा पार्ट इतके की दोन गाड्यांना पुरतील. पण कानस हातात धरून बसायची तयारी ठेवा.

इटालेरी ट्रकसाठी आणि १/१२ च्या फियाट ५०० साठी बघा. एअरफिक्सची क्विक बिल्ड मालिका लहान मुलांसाठी, ठोकळे जोडावेत तशी. एअरफिक्सच्या काही खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापलेलं असतं. पहिल्यांदा ते वाचून माझी छाती फुगली होती. नव्यांत मेंग, बीमॅक्स आणि नूनू बघण्यासारख्या. शेवटच्या दोघी रेसिंग आणि रॅलीच्या गाड्या करतात आणि डीकॅलचं (गाडीवर लावायच्या छापील चित्रांचं आणि अक्षरांचं) काम भरपूर असतं. युक्रेनच्या आयसीएमनं फोर्ड मॉडेल टी फार सुरेख केली आहे, पण नाजूक आहे.

मॉलमध्ये दिसणारं मायस्टोचं असेंब्ली लाइन किट यात धरू नका. त्याची बॉडी धातूची, रंगवलेली, स्क्रूनं जोडायची. मुलाला वाढदिवसाला द्यायला उत्तम. फक्त ते जोडून ‘मी किट बनवतो’ असं समजून पुढचं अवघड किट मागवू नका.

४. डायचं वय काढा

मुख्य काम हेच. किटाच्या धंद्यात एक डाय चाळीस-पन्नास वर्षं चालतो. खोकं नवं, डीकॅल नवे, पुढं ‘नवीन’ असा शब्द, आणि आत तोच जुना डाय. काही वेळा डाय एका कंपनीचा आणि खोकं दुसरीचं. यात फसवणूक नाही, धंद्याची रीत आहे. कोल्हापुरात ओतलेला पार्ट कुठल्या नावानं विकला जातो हे आपल्याला काय कमी माहीत आहे?

वय काढायचे मार्ग असे.

स्केलमेट्स नावाचं संकेतस्थळ आहे. तिथं किटाचा क्रमांक टाका. त्या डायचा वंशवृक्षच समोर येतो: पहिल्यांदा कधी निघाला, नंतर कुठल्या खोक्यात, कुणाच्या नावानं. ‘नवीन डाय’ आणि ‘नवीन खोकं’ हे दोन शेरे वेगळे असतात. डोळे उघडे ठेवून वाचा.

चॅसीच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. जुन्या जपानी किटांत छोटी मोटर आणि बॅटरीचा सेल बसवायची सोय असायची. सेलच्या जागेचा चौकोन चॅसीवर दिसला तर समजा डाय त्या काळातला, आणि आतल्या सीटांखालची जमीन उथळ असणार. बॉडी बाहेरून सुंदर असूनही आतून टबासारखी दिसते ती त्यामुळं. चॅसीवर कंपनीचं नाव आणि साल कोरलेलं असतं तेही वाचा. अर्थात ते सालही कधीकधी मूळ डायचं असतं, कधी नव्या फेरफाराचं.

स्प्रूचे फोटो बघा. स्प्रू म्हणजे पार्ट धरून ठेवणारी चौकट. फाउंड्रीत ओतलेल्या पार्टला चिकटून राहणाऱ्या जादा धातूची, रनर-राइझरचीच जात. कडा धारदार दिसल्या पाहिजेत. दोन पार्टांच्या मधल्या जागेत पातळ पापुद्रा पसरला असेल तर डायचे दोन भाग झिजून नीट मिटत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

जुना डाय म्हणजे टाकाऊ असं मात्र नाही. मोनोग्रामचे काही जुने डाय आजही इंजिनाच्या बाबतीत नव्यांना लाजवतात. जुनं आहे हे माहीत असताना घेणं आणि नवं समजून घेणं, यात फरक आहे.

५. मागवताना

मी किटं ऑनलाइनच मागवतो. देशातल्या विक्रेत्याकडून घेणं नवख्याला सोपं. परदेशातून मागवणार असाल तर हे तयार ठेवा:

- आधार किंवा पॅनची प्रत. कुरिअर कंपनी केवायसी मागते. नाव पार्सलवरच्या नावाशी जुळलं पाहिजे.
- खरेदीचं बिल आणि पैसे भरल्याची पावती. किमतीबद्दल शंका आली की मागतात.
- पार्सलवर पिनकोड आणि चालू मोबाइल नंबर. साधी गोष्ट, पण पार्सल याच्यामुळंच अडतं.

सीमाशुल्काचा हिशोब आधी करा. स्केल मॉडेल आणि खेळणी एकाच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. ‘जपानमध्ये अर्ध्या किमतीत मिळतंय’ असं म्हणून उडी मारणारा पार्सल सोडवताना जमिनीवर येतो.

आणखी एक: स्प्रे कॅन विमानानं पाठवत नाहीत. देशातल्या देशातही ते रस्त्यानं येतात. किट चार दिवसांत येईल, रंग पंधरवड्यानं. वाट बघवत नाही म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला मिळेल तो स्प्रे आणू नका. का ते आठव्या टप्प्यात येईलच.

६. खोकं आल्यावर तपासणी

पिशव्या फोडण्याआधी व्हिडिओ काढा. मग सूचनापत्रकातल्या यादीशी स्प्रू ताडून बघा. यानंतर माझ्या सवयीप्रमाणं हे बघतो:

मोल्ड लाइन. बॉडीचा डाय अनेक बाजूंनी मिटतो, त्यामुळं मडगार्डावरून, छताच्या खांबांवरून बारीक रेष जाते. ही टामियातही असते. प्रश्न रेष आहे का हा नसून नखाला अडकते का हा आहे. अडकली तर ६०० च्या वॉटर पेपरनं घालवा, मग १०००.

खळगे. जिथं प्लॅस्टिक जाड, तिथं थंड होताना पृष्ठभाग आत ओढला जातो. कास्टिंगमधलं श्रिंकेज, दुसरं काही नाही. बोनेटवर किंवा दारावर खळगा असेल तर पुट्टी लागणार. सीटच्या मागं असेल तर सोडून द्या.

गोल ठसे. डायमधून पार्ट ढकलणाऱ्या पिनांचे. चांगला डाय करणारा ते न दिसणाऱ्या बाजूला टाकतो. डाय करणाऱ्यानं विचार केला होता की नाही हे मी यावरूनच ओळखतो.

काचा. चिरा आणि ओरखडे आधी बघा, कारण काच दुरुस्त होत नाही.

बॉडी, चॅसी आणि आतला टब (सीटांचा भाग) गोंद न लावता कोरडेच एकमेकांवर बसवून बघा. दोन रबर बँड लावा. चारही चाकं टेबलाला टेकण्याइतपत सगळं सरळ आहे का? नसेल तर गोंद लावायच्या आधी कळलं हे बरं.

डीकॅल पिवळे पडले असतील तर टेपनं खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस ऊन दाखवा, बराच पिवळेपणा जातो. तडे गेलेल्यांना उपाय नाही. कार्टोग्राफ या इटालियन छापखान्याचं नाव दिसलं तर निर्धास्त राहा.

७. हत्यारं

- साइड कटर, पातळ पात्याचा. वायरमनचा जाड कटर पार्टच्या कडेला पांढरा डाग पाडतो. आधी लांबून तोडा, मग जवळून.
- क्राफ्ट नाइफ आणि जादा पाती.
- वॉटर पेपर ४००, ६००, १०००, १५००, २०००. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांना लागतो तोच. ऑटो पेंटच्या दुकानात मिळतो.
- पातळ सिमेंट, शक्यतो टामियाचं हिरव्या झाकणाचं. दोन पार्ट जुळवून धरायचे आणि सांध्यावर ब्रश टेकवायचा, ते आपोआप आत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेवा, त्यात अ‍ॅसिटोन असतं.
- काचांसाठी साधं फेविकॉल. फेविक्विक काचेजवळ न्यायचंच नाही. त्याच्या वाफेनं काच धुरकट होते. माझ्या दोन गाड्या कायमच्या धुक्यात आहेत.
- मास्किंग टेप, टूथपिक, कपड्याचे चिमटे, चिमटा, कान साफ करायच्या काड्या.

एअरब्रश आणि कॉम्प्रेसर पहिल्या वर्षी नको.

८. रंग आणि कोल्हापूरची हवा

पहिल्यांदा सगळे पार्ट भांड्याच्या साबणानं कोमट पाण्यात धुवा. डायमधून पार्ट सुटावा म्हणून लावलेलं तेल अंगावर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही.

मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर. बॉडी लाल प्लॅस्टिकची असेल आणि रंग पांढरा द्यायचा असेल तर थांबा. लाल वर झिरपतो आणि आठवड्यात गाडी गुलाबी दिसते. आधी चंदेरी रंगाचा थर मारा, मग पांढरा. नवख्यानं लाल गाडी लाल, पांढरी गाडी पांढरीच करावी हे उत्तम.

टामियाच्या कॅनमध्ये टीएस आणि पीएस अशा दोन जाती असतात. किटाला टीएस. पीएस रिमोटच्या गाड्यांच्या लवचीक बॉडीसाठी असतो. नावात एका अक्षराचा फरक, चूक हमखास. मोटारीच्या टच-अपचे स्प्रे आणि एनसी थिनर प्लॅस्टिक खातात. थिनरनं रंग काढायला गेलात तर रंगाबरोबर दारही जाईल. बिघडलेला अ‍ॅक्रिलिक रंग आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये भिजवून निघतो.

आता हवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं स्प्रे करायचाच नाही. स्प्रेच्या लॅकर रंगातलं थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि चकचकीत काळ्या रंगावर पांढरी साय येते. पावसाळ्यात जोडणी करा, इंजिन रंगवा, ब्रशचं काम करा. बॉडी ऑक्टोबरपर्यंत ठेवा.

ऑक्टोबरनंतर दुसरा शत्रू. गळीत हंगाम सुरू होतो, शेतात पाचट पेटतं आणि गच्चीवर काळी काजळी तरंगत येते. पांढऱ्या बॉडीवर ती बसली की केसासारखी चिकटते. मी गच्ची सोडून जिन्यात, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात स्प्रे करतो, सकाळी दहा ते बाराच्या मध्ये. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे कोमटच. उकळत्या पाण्यात कॅन फुटू शकतो. पहिले दोन हात धुरळ्यासारखे हलके, तिसरा ओला. डीकॅलवर टीएस-१३ क्लिअर (पारदर्शक थर) देताना तर आणखी हलका हात. जाड दिला की डीकॅल सुरकुततात.

न उघडलेली किटं माळ्यावर ठेवा. नदीकडच्या भागात राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ नंतर हे वेगळं सांगायला नको. पाण्यात प्लॅस्टिकला काही होत नाही, डीकॅल आणि सूचनापत्रक मात्र जातात.

रंग वाळला का हे बोट लावून बघू नका. नाकाशी धरा; वास येतोय तोवर ओला. टीएस रंगाला मी पुरा आठवडा देतो, आणि तेवढे दिवस बॉडी धुळीपासून झाकून ठेवावी लागते. माझ्या दुसऱ्या किटाच्या वेळी मी आईचं मोठं पातेलं त्यावर पालथं घातलं होतं. तिसऱ्या दिवशी घरी पाहुणे आले, पातेलं पांढऱ्या रश्श्याला लागलं, आणि संध्याकाळी छतावर एक जिरं रुतलेलं सापडलं. झाकायला स्वतःचा प्लॅस्टिकचा डबा विकत आणा.